रंगपट वेंगुर्ल्यात, प्रयोग मांडवीवर

दशावताराच्या पेटाऱ्यामागून स्पीकर घेऊन जत्रा फिरणाऱ्याला एक खोड लागते. नव्या जागी गेला की तो रंगमंचाकडे बघतच नाही, आधी मागच्या बाजूला जातो. पाणी कुठून आणायचे? तोंड रंगवायला उजेड आहे का? पाऊस आला तर मृदंग कुठे ठेवायचा? समोरचे काय, एक बाकडे टाकले की दशावतारात त्याचे सिंहासन होते आणि तेच वनही होते.

वेंगुर्ल्याची डच वखार मी अशाच मागच्या बाजूने बघतो. गंमत म्हणजे ती होतीच मागची बाजू.

१६३७ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा योहान व्हान ट्विस्ट विजापूरला मुहम्मद आदिलशहाच्या दरबारी गेला आणि वेंगुर्ल्यात बस्तान बसवायची परवानगी घेऊन आला. कंपनीला व्यापार हवा होताच, पण डोळा होता गोव्यावर. १६३६ पासून डचांचे आरमार दरवर्षी पावसाळा सरला की मांडवीच्या तोंडाशी येऊन उभे राहायचे, पोर्तुगीज जहाजांची वाट अडवायचे आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की निघून जायचे. १६३९ च्या सप्टेंबरात त्यांनी मुरगावात तीन पोर्तुगीज गलबते जाळली. इतिहासाच्या पुस्तकांत हा दर्शनी भाग येतो. पण महिनोन् महिने समुद्रात नांगर टाकून बसलेले खलाशी रोज खाणार काय आणि पिणार काय? ते वेंगुर्ल्याने बघायचे. तांदूळ आणि गोडे पाणी इथूनच जायचे. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए १६४८ मध्ये इथूनच डचांच्या मुख्य ठाण्याला, बटाव्हियाला, जाणाऱ्या जहाजावर चढला. त्यानेही या बंदराबद्दल लिहिताना पाणी आणि तांदूळ उत्तम असल्याची नोंद केली आहे. वेंगुर्लेकरांना ही शिफारस आजही पुरेशी वाटेल, फक्त जोडीला बांगडा हवा.

पोर्तुगीजही काही कमी नव्हते. डच येऊ लागले तसा त्यांनी मांडवीच्या मुखाशी १६१२ मध्ये आग्वाद उभारला, तो गोड्या पाण्याचा झरा धरूनच. पोटात पाण्याचे भलेमोठे टाके. तोफा कुणाच्या किती लांब जात होत्या ते सोडा, दोन्ही बाजूंना काळजी घागरीचीच होती.

वखार भक्कम केली १६५५ च्या सुमारास. जांभ्याची, जाड भिंतींची, दुमजली, व्यापाऱ्याची कोठी आणि गढी यांच्या मधली काहीतरी. इथले डच नुसता माल मोजत बसले नव्हते, ते बातम्याही पाठवत होते. शिवाजी महाराजांच्या हालचालींची वेंगुर्ल्याहून गेलेली पत्रे बटाव्हियाच्या दप्तरात पडून राहिली आणि तीनशे वर्षांनी आपल्या इतिहासकारांच्या उपयोगी पडली. कारकुनाला काय ठाऊक, तो कुणासाठी लिहितोय!

वखारीचा सगळ्यात नाटकी प्रवेश मात्र जुन्या रत्नागिरी गॅझेटिअरात आहे. १६९६ मध्ये वाडीचे खेम सावंत डच प्रमुखाच्या भेटीला म्हणून आत गेले, पहारेकऱ्यांना आवरले आणि वखार लुटली. पाहुणा म्हणून प्रवेश, राजा म्हणून कब्जा. आमच्या दशावतारी मंडळींना हा प्रसंग सांगितला की ते लगेच विचारतात, पहारेकऱ्यांचे काम विनोदी करायचे की गंभीर? संहिता नसतेच. दुपारी झाडाखाली आडवे पडल्या पडल्या कथा ठरते आणि रात्री संवाद उभ्याउभ्या सुचतात.

आता प्रयोग जिथे झाला त्या बाजूला जाऊ. पणजीसमोर नदीपलीकडे रेईस मागुश. १५५१ चा पोर्तुगीज किल्ला. सावंतवाडीकर भोसल्यांनी बार्देशावर स्वारी केली तेव्हाही तो हाती लागला नव्हता. पुढे त्याचा तुरुंग झाला आणि १९९३ पर्यंत तो तुरुंगच होता. नंतर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांसारख्या माणसांनी पाठपुरावा केला. गोवा सरकार, वारसा जपणारी इंटॅक संस्था आणि ब्रिटनचा हेलन हॅमलिन ट्रस्ट एकत्र आले, वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी दुरुस्ती केली आणि जून २०१२ मध्ये किल्ला सांस्कृतिक केंद्र म्हणून खुला झाला. मारियोंची चित्रे तिथे कायमची लागली. ती बघायला ते स्वतः नव्हते, आदल्या डिसेंबरातच गेले होते.

लोक तिथली चित्रे बघतात, मी कौले बघतो. माझे मत असे, की रेईस मागुश टिकायला कैद्यांचाही हात लागला. जिथे माणसे ठेवायची तिथे दार, पाणी आणि पहारा ठेवावाच लागतो. वेंगुर्ल्याची वखार रिकामी पडली. छप्पर गेले, भिंतींत झाडांनी मुळे रोवली. आज ती राज्य संरक्षित स्मारक आहे. तेरेखोलचा किल्ला तर चक्क हॉटेल झाला. तोही एक मार्ग, मला फारसा आवडत नाही.

श्रीलंकेत गॉलच्या डच किल्ल्यात २००७ पासून साहित्य महोत्सव भरतो. छायाचित्रांत लेखक आणि तटबंदी दिसते. खरी करामत जमिनीखाली आहे. डचांनी तिथे भुयारी गटारे अशी काढली, की भरती-ओहोटीच्या पाण्यानेच ती धुऊन निघावीत. महोत्सव भरवणाऱ्याला विचारा, व्याख्यात्याआधी त्याला संडासाची चिंता असते.

जुन्या वास्तूत कार्यक्रम करणे म्हणजे काय, ते आम्हा मागच्या लोकांना विचारावे. जांभा सच्छिद्र, आवाज पिऊन टाकतो. वर छप्पर नसेल तर उरलेला आभाळात जातो. दुपारनंतर खारा वारा सुटला की माइकमध्ये नुसती घरघर. त्याच वाऱ्याने पितळी जोडण्या हिरव्या पडतात, म्हणून प्रत्येक पिन पुसून लावायची. संरक्षित भिंतीला खिळा मारायचा नाही, दोरी बांधायची नाही. पडद्याची चौकट स्वतःच्या पायांवर उभी करायची आणि पायांवर वाळूच्या गोणी ठेवायच्या. आणि दारे! एका जुन्या वाड्यात विष्णूचा मुकुट चौकटीला अडला. नट कमरेत वाकून, मुकुट हाताने धरून आत आला. समोरच्या आज्यांना वाटले, देव गावाच्या देवाला नमस्कार करतोय. त्यांनीही हात जोडले. टाळी अशी पडली की पुढच्या गावात, दार उंच असूनही, तो वाकूनच आला.

अलीकडे वखारीत दशावतार करायची कल्पना कुणी ना कुणी काढतो. दिवे असे लावू, खिडकीतून संकासुर काढू, वगैरे. मला विचाराल तर आधी छप्पर, मग मुळे काढून चुन्याचे काम, मग पाणी, आणि दिवे शेवटी. हा क्रम उलटा केला तर एका रात्रीचा फोटो मिळेल आणि पहिल्या पावसात भिंत आणखी खाली येईल.

एकदा एका जुन्या दशावतारी काकांना तिथे घेऊन गेलो. जन्मभर स्त्रीपार्ट केलेला माणूस. दगडी भिंती, कमानी, खेम सावंतांची गोष्ट, सगळे मी हौसेने दाखवले. काकांनी शांतपणे ऐकून घेतले, पुढून मागे एक फेरी मारली आणि म्हणाले, “ह्या सगळा बरा आसा रे. पण खोबरेल लावन रंग काढल्यार तोंड खंय धुवूचा?”