गाऊटची जुनी गोळी

पायाचा अंगठा रातोरात सुजतो, लाल होतो, पांघरूणही लागू देत नाही. हाच गाऊट, आयुर्वेदातील वातरक्त याच्याशी पुष्कळ जुळते. रक्तात युरिक आम्ल वाढते व त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन याने इतके त्रासले होते की 1780 साली त्यांनी गाऊटशी झालेला आपला संवादच लिहिला!

यावरचे कोल्चिसिन हे औषध कोल्चिकम नावाच्या फुलझाडापासून निघते. आपल्या पूर्वजांच्या कोकणात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही तेच द्रव्य आहे.

अमेरिकेत ही गोळी दहा सेंटांहूनही स्वस्त मिळे. 2009 साली सरकारी औषध खात्याने एका कंपनीच्या गोळीला मान्यता दिली, पुढे इतरांच्या गोळ्या बंद केल्या, आणि किंमत पाच डॉलरच्या घरात गेली. गरीब रुग्णांचे हाल झाले. मात्र त्या कंपनीच्या चाचणीतून एक गोष्ट कळली: 1.8 मिलिग्रॅमने 4.8 मिलिग्रॅमइतकाच आराम पडतो, आणि जुलाब पुष्कळ कमी होतात.

जास्त मात्रा जीवघेणी ठरते. म्हणून कळलावीचा कंद घरी उगाळून कधीही घेऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.