पाटी रस्त्यावरची, पाटी फोनमधली

माझ्या मावसभावाची किनवटला खानावळ आहे. नवरात्रात माहूरला निघालेली एक गाडी रात्री आठच्या सुमारास गावात आली. गाडीतल्या पोरानं फोनमध्ये 'जेवण' शोधलं, भावाच्या खानावळीच्या नावाखाली लाल अक्षरांत 'बंद' दिसलं, आणि गाडी तशीच पुढे गेली. आत भाऊ भाकरी थापणाऱ्या मावशींना 'अजून दहा टाका' म्हणत होता. परतीच्या वाटेवर तीच मंडळी दुपारी जेवायला थांबली, तेव्हा हे कळलं. गुगलवर त्याची वेळ संध्याकाळी सातपर्यंतच लिहिलेली होती. कोणी लिहिली, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

धंदा ऑनलाइन न्यायचा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आधी वेबसाइट येते, मग रील. मला हा क्रम उलटा वाटतो. परक्या माणसाला चारच गोष्टी हव्या असतात: दुकान कुठं आहे, आत्ता उघडं आहे का, फोन कोणता, भाव काय. ओळखीच्या गिऱ्हाइकाला यातलं काहीच विचारावं लागत नाही. पण किनवटला परकी माणसं कमी नाहीत. पैनगंगेपलीकडे विदर्भ, रेल्वेनं पुढं गेलं की तेलंगणातलं आदिलाबाद; पावसाळ्यात सहस्रकुंडाचा धबधबा बघायला येणारे, उनकेश्वरच्या गरम कुंडांवर जाणारे, वर्षभर माहूरचे भाविक. त्यांना तुमची रस्त्यावरची पाटी दिसण्याआधी फोनमधली दिसते.

ती फोनमधली पाटी म्हणजे गुगल बिझनेस प्रोफाइल. 2021पर्यंत तिला गुगल माय बिझनेस म्हणत. ती फुकट आहे. 'पैसे भरा, नाहीतर नाव काढून टाकू' असा फोन आला तर सरळ ठेवून द्यावा, आणि ओटीपी तर कुणालाच सांगू नये.

आधी आपलं नाव मॅपवर शोधावं. बहुधा ते कुणीतरी टाकलेलंच असतं. भावाच्या बाबतीत दोन वर्षांपूर्वी फिरत आलेल्या एका पोरानं सगळं 'करून दिलं' होतं, पण स्वतःच्या ईमेलवर. म्हणजे दुकान भावाचं आणि किल्ली त्याच्या खिशात. अशा वेळी प्रोफाइलवरून मालकी मागता येते. सध्याच्या धारकाला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. तो गप्प राहिला तर बऱ्याचदा आपणच मालक असल्याचं सिद्ध करून ताबा मिळतो. म्हणून ईमेल स्वतःचा हवा, आणि पासवर्ड भाच्याच्या डोक्यात नाही, घरातल्या वहीत.

मालकी पटवायला गुगल आता अनेकदा व्हिडिओ मागतं. न थांबवता, एका दमात काढायचा. भावानं असा काढला: समोरचा रस्ता आणि शेजारच्या दुकानांच्या पाट्या, मग स्वतःची पाटी, मग कुलूप काढून शटर वर, आत चूल, शेवटी गल्ल्याची किल्ली फिरवून ड्रॉवर उघडलेला. रस्ता ठिकाण सांगतो, पाटी नाव सांगते आणि किल्ली मालक कोण ते सांगते. माणसांचे चेहरे आणि बँकेची कागदं त्यात येऊ द्यायची नाहीत.

नाव पाटीवर आहे तेच लिहायचं. 'किनवटमधील नंबर एक शुद्ध शाकाहारी' असली शेपटी जोडली तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. गावाचं इंग्रजी स्पेलिंग कुणी डब्ल्यूनं लिहितं, कुणी व्हीनं. एक ठरवून सगळीकडे तेच ठेवावं. तांड्यावर किंवा शेतात दुकान असेल, जिथं घर क्रमांक म्हणून काही नसतंच, तिथं मॅपवर बोट दाबून धरलं की प्लस कोड मिळतो. तो सुमारे 14 मीटर लांब-रुंद चौकोन दाखवतो. 'वडाच्या झाडापासून डावीकडे'पेक्षा बरा.

गुगल कुणाला वर दाखवतं? तीन गोष्टींवर: शोधलेल्या शब्दाशी मेळ, अंतर आणि नावलौकिक. अंतर आपल्या हातात नाही. मेळासाठी वर्ग नेमका निवडावा. खानावळीला 'हॉटेल' टाकलं की लोक खोलीचं भाडं विचारायला फोन करतात. नावलौकिकात अभिप्राय येतात. ते जेवण झाल्यावर मागावेत, पण चहाच्या बदल्यात नाही. आमिष दाखवून अभिप्राय घेणं नियमाबाहेर आहे. वाईट अभिप्रायाला दोन ओळींत शांत उत्तर द्यावं. ते त्या माणसासाठी नसतं, पुढच्या वाचणाऱ्यासाठी असतं.

आणि वेळा. नेहमीची वेळ एकदा भरली की झालं असं नाही. सणासुदीच्या दिवसांची वेळ वेगळी टाकायची सोय आहे. नवरात्र, दत्तजयंती, आठवडी बाजार, लग्नसराई. माझ्या मते सगळ्या खटाटोपात पैसा मिळवून देणारा रकाना हाच.

त्यानंतर व्हॉट्सॲप बिझनेस. 2018 साली ते भारतात आलं. त्यात वेळ, पत्ता, भावासकट वस्तूंचा कॅटलॉग आणि दुकान बंद असताना आपोआप जाणारं उत्तर ठेवता येतं. ब्रॉडकास्ट मात्र ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो. म्हणून आधी 'नंबर सेव्ह करा' म्हणायचं, मग 'आज झुणका-भाकर' पाठवायचं. रोज 'शुभ सकाळ' पाठवणाऱ्याला लोक ब्लॉक करतात, आणि बरंच करतात.

क्यूआर कोडचा विचार फार कमी लोक करतात. गिऱ्हाइकानं स्कॅन केलं आणि खानावळीच्या नावाऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं की त्याचा अंगठा थबकतो. खातं दुकानाच्या नावानं असेल तर तो प्रश्नच येत नाही.

वेबसाइट सगळ्यांत शेवटी, आणि खानावळीला नसली तरी चालतं. बाहेरगावी मध, लोणचं, मसाला पाठवणाऱ्यानं मात्र ती करावी, स्वतःच्या नावावर घेतलेल्या डोमेनवर. 2014पासून .भारत हे देवनागरी डोमेनही मिळतं. गुगल पूर्वी प्रोफाइलसोबत फुकट छोटी वेबसाइट द्यायचं. मार्च 2024मध्ये त्या सगळ्या बंद केल्या. ज्यांनी पत्रकावर तोच पत्ता छापला होता, त्यांची पत्रकं वाया गेली.

हे सगळं झाल्यावर शेजाऱ्याच्या फोनवरून आपलं दुकान शोधून बघायचं. आम्ही बघितलं. वेळ बरोबर, पिन बरोबर, फोटोत गरम भाकरी. फोन लावला तर 'हा क्रमांक अस्तित्वात नाही'. भावानं मागच्या वर्षी सिम बदललं होतं आणि पाटीवरचा जुनाच नंबर प्रोफाइलमध्ये उतरवला होता. प्रोफाइलमधला तिथंच बदलला. पाटीसाठी पेंटरला निरोप दिलाय. तो म्हणतो, दिवाळीनंतर येतो.