शेतकऱ्याचें धैर्य आणि नाणेफेक

गरीब शेतकरी स्वभावतःच भित्रा, म्हणून तो खतावर पैसा घालीत नाही, हा आक्षेप आमच्या कानीं वारंवार येतो. अर्थशास्त्रज्ञ हॅन्स बिन्सवँगर यांनी १९८० सालीं प्रसिद्ध केलेली परीक्षा आक्षेपकांनी अवश्य पाहावी. सोलापूर जिल्ह्यांतील शिरापूर, कळमण आदि गांवीं त्यांनी शेतकऱ्यांपुढें खरा पैसा मांडला: निश्चित ५० रुपये घ्यावे, कीं नाणें उडवून २०० अथवा शून्य पत्करावें? ३० अथवा १५० अशा मधल्या पायऱ्याही होत्या. २०० रुपये म्हणजे तेथील मजुराची महिन्याहून अधिक मिळकत! आठ आण्यांच्या डावांत निवडी विखुरल्या. रक्कम वाढतांच बहुतेक मधल्या पायऱ्यांवर आले, आणि गरीब व सधन यांत फारसा भेद उरला नाही. मग एकाच्या शेतांत खत पडतें, दुसऱ्याच्या नाही, याचें कारण बिन्सवँगर यांना मनांत नव्हे, तर कर्ज व साधनें मिळण्याच्या विषमतेंत दिसलें.