जुन्या ट्रकचा ब्रेक : आधी दुखणे ओळखा, मग पाना उचला

कांद्याच्या हंगामातली गोष्ट. आमच्या शेजारच्या वस्तीवरचे दोघे भाऊ ओतूरहून कांद्याच्या गोण्या भरून माळशेज घाटाने कल्याणला निघाले होते. ट्रक जुना, पण इंजिन ठणठणीत. घाटातल्या पहिल्याच वळणावर थोरल्याने ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल दगडासारखे कडक! सीटवरून उठून सारा जोर लावला, तेव्हा कुठे गाडी हळू झाली. गिअर खालचा होता म्हणून निभावले.

घरी आल्यावर त्यांनी चारही चाकांचे लायनर बदलून घेतले. पैसे गेले, पेडल मात्र कडकच राहिले. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने बूस्टरची रबरी नळी काढून दाखवली. क्लिपखाली तिला बोटभर चीर पडली होती. नळी बदलली आणि दुखणे गेले.

असे अनेकांच्या बाबतीत होते. ब्रेक लागत नाही म्हटले की आपण लायनरकडे धाव घेतो. पण पेडल कडक होणे आणि पेडल मऊ होणे ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत.

बूस्टर काय करतो?

1986 साली आलेली टाटा 407 आणि तिच्यासारखे हलके ट्रक आजही अनेक शेतकऱ्यांच्या दारात आहेत. या गाड्यांचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. पायाच्या जोराला मदत म्हणून मास्टर सिलिंडरला जोडून एक गोल पत्र्याचा डबा असतो, तो बूस्टर. डब्यात मधोमध रबरी पडदा असतो. पंप डब्यातली हवा ओढून घेतो. पेडल दाबले की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडदा पुढे ढकलला जातो. डबा 9 इंच व्यासाचा असेल आणि व्हॅक्यूम 20 इंच असेल, तर हा रेटा पावणेतीनशे किलोच्या आसपास जातो. ही मदत बंद पडली की सगळा भार एकट्या पायावर येतो.

डिझेल इंजिनाला यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. काही गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीशी असतो, तर काहींत इंजिनावर स्वतंत्र बसवलेला असतो. (मोठ्या ट्रकचे हवेचे ब्रेक ही निराळी पद्धत आहे. इथली माहिती त्यांना लागू नाही.)

पेडल कडक असेल तर

गाडी सपाट जागेवर उभी करा. हँडब्रेक ओढा, चाकांखाली दगड लावा आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. मग पुढील तपासण्या क्रमाने करा.

1. इंजिन बंद ठेवून पेडल सहा-सात वेळा दाबा, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपेल. आता पेडल दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेले, तर बूस्टर काम करतो आहे. जागचे हलले नाही, तर मदत मिळत नाही.

2. इंजिन चालू असताना बूस्टरकडची नळी काढून तोंडावर अंगठा ठेवा. अंगठा जोराने ओढला गेला पाहिजे. ओढ नसेल किंवा क्षीण असेल, तर नळी आणि पंप तपासा. नळी वाकवून चिरा पाहा. उंदीर कुरतडतात, तेलाने रबर फुगते. कधी बाहेरून नळी धड दिसते, पण आतला थर सुटून वाट बुजलेली असते. गॅरेजमध्ये मीटर लावून घेतल्यास आकडाच कळतो. 18 इंचांहून कमी व्हॅक्यूम असेल, तर पंप थकला किंवा कुठेतरी गळती आहे असे समजावे. पंपाला इंजिनाचे तेल मिळते का, हेही पाहून घ्या.

3. नळी परत बसवून इंजिन थोडा वेळ चालवा आणि बंद करा. पाच मिनिटे थांबून पेडल दाबा. पहिल्या एक-दोन दाबांना मदत मिळाली पाहिजे. पहिलाच दाब कडक लागला, तर व्हॅक्यूम साठून राहत नाही. नळीतला एकमार्गी व्हॉल्व्ह बहुधा खराब असतो. तो स्वस्त आहे, आधी तोच बदला.

4. पेडल दाबून धरल्यावर सतत फुसफुस ऐकू आली, तर बूस्टरचा पडदा किंवा त्यातला व्हॉल्व्ह गेला आहे. दाबताना क्षणभर येणारा आवाज मात्र दोष नव्हे.

पेडल मऊ असेल तर

पेडल स्पंजासारखे लागले, तर तेलात हवा शिरली आहे. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल वर येत असेल, तर बहुधा शू आणि ड्रम यांतले अंतर वाढले आहे, म्हणजे ब्रेक टाइट करायला हवेत. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली बसत असेल, तर मास्टर सिलिंडरची रबरे गेली आहेत किंवा कुठेतरी गळती आहे. चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का, ते पाहा. बाहेर कुठेच थेंब नाही आणि तरी तेल कमी होते, तर बूस्टरच्या नळीत ओल तपासा. मास्टर सिलिंडर मागून गळून तेल बूस्टरमध्ये उतरत असेल. अशा वेळी गाडी भाड्याला काढू नका.

हवा काढणे

याला दोन माणसे लागतात. पेडलवर घरातले कोणीही चालेल. इंजिन बंद ठेवा. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करा. निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा. वरच्या माणसाने पेडल दाबून धरायचे, खालच्याने निप्पल अर्धा फेरा सैल करायचा आणि पेडल सोडण्यापूर्वी पुन्हा घट्ट करायचा. बुडबुडे थांबेपर्यंत हे करा. वरची टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर सारी मेहनत वाया जाते.

या चुका टाळा

ब्रेक ऑइल संपले म्हणून इंजिन ऑइल, डिझेल किंवा रॉकेल कधीही ओतू नका. त्याने रबरे फुगतात आणि सगळे ब्रेक निकामी होतात. सिलिंडरची रबरे डिझेल-पेट्रोलने धुऊ नका, ताज्या ब्रेक ऑइलनेच पुसा. उघड्या डब्यातले जुने ऑइल हवेतले पाणी शोषते आणि घाटात तापल्यावर त्यात वाफ धरते. ते वापरू नका. ड्रममधली भुकटी फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करू नका, गाडी न्यूट्रलही करू नका. इंजिन थांबले की पंप थांबतो. साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन दाब निघतात आणि पुढचे पेडल दगड होते. ज्या गिअरने घाट चढता, त्याच गिअरने उतरा.

पहिल्या दोन तपासण्यांना पाना फारसा लागत नाही, दहा मिनिटे पुरतात. गाडी भरण्याच्या आदल्या संध्याकाळी त्या करून घ्या. पेडल कडक निघाले, तर गोण्या एक दिवस खळ्यावरच राहू द्या.