पाणचट म्हणजे सौम्य नव्हे

अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांची बिअर म्हणजे निव्वळ पाणी, तिच्यात दम नाही; खरी ‘चढणारी’ बिअर हवी तर झेक, जर्मन, आयरिश घ्यावी, नाहीतर एखाद्या छोट्या क्राफ्ट ब्रुअरीची. हा समज शिकागोच्या बारपासून मुलाकडे सहा महिने अमेरिकेत राहून आलेल्या पुणेकर काकांपर्यंत सगळीकडे सारख्याच ठामपणे ऐकू येतो. बाटलीवरचे आकडे मात्र त्याला साथ देत नाहीत. बडवायझरमध्ये घनफळाने 5 टक्के अल्कोहोल असते. आयात मालात प्रतिष्ठेची मानली जाणारी हायनेकनही 5 टक्क्यांची. क्राफ्टच्या लाटेतल्या पहिल्या मोठ्या नावांपैकी एक असलेली सॅम्युअल अ‍ॅडम्स बोस्टन लागरही 5 टक्क्यांचीच. जगभरच्या सोनेरी लागरची आद्य जननी, 1842 पासून प्लझेन गावी बनणारी पिल्सनर उर्केल 4.4 टक्क्यांवर थांबते. आणि जिच्या काळ्याकुट्ट रंगाकडे पाहून लोक बिचकतात ती ड्राफ्ट गिनेस जेमतेम 4.2 टक्के, म्हणजे ज्या बड लाइटची सगळे टिंगल करतात तिच्याच पंगतीला बसणारी. थोडक्यात, पाणचट हा शब्द चवीचा आहे आणि सौम्य हा अल्कोहोलचा. पिणारा चवीवरून ताकद ओळखू पाहतो, आणि चकतो.

चकायला कायद्यानेही हातभार लावला. 1920 पासूनची अमेरिकेतली दारूबंदी पूर्ण उठण्याच्या काही महिने आधी, 7 एप्रिल 1933 पासून, 3.2 टक्क्यांपर्यंतच्या बिअरला परवानगी मिळाली. हे 3.2 टक्के होते वजनाने. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असते, त्यामुळे वजनाने 3.2 टक्के म्हणजे घनफळाने 4 टक्के, आणि वजनाने 4 म्हणजे घनफळाने 5. बहुतेक जग घनफळाने मोजत होते आणि अमेरिकेतली काही राज्ये वजनाने. साहजिकच सीमेपलीकडच्या कॅनडातली ‘5’ची बिअर अमेरिकेतल्या ‘4’च्या बिअरपेक्षा कडक वाटू लागली; प्रत्यक्षात दोन्ही एकच. आकडे निदान बाटलीवर दिसते, तर कधीतरी कोणीतरी हिशेब मांडला असता. पण कडकपणाच्या जाहिरातबाजीत कंपन्यांची चढाओढ लागू नये म्हणून 1935 च्या केंद्रीय कायद्याने बिअरच्या लेबलवर अल्कोहोलचे प्रमाण छापायलाच मनाई केली. ही मनाई 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, आणि त्यासाठी न्यायालयात गेली होती ती कूर्स ही बडी कंपनीच. साठ वर्षे आकडा झाकलेला असेल, तर लोक जिभेवर आणि ऐकीव गोष्टींवर विसंबणार, यात त्यांचा काय दोष? युटासारख्या राज्यात तर किराणा दुकानातल्या बिअरवरची 3.2 ची मर्यादा 2019 पर्यंत टिकली. तिथली बिअर खरोखरच थोडी सौम्य होती, पण ती त्या राज्याच्या कायद्यामुळे. त्यावरून साऱ्या देशाची बिअर सौम्य ठरवणे बरोबर नाही.

मग ती पाणचट का लागते? उत्तर अल्कोहोल कशापासून बनले यात आहे. बार्लीला मोड आणून, वाळवून मॉल्ट करतात आणि ते गरम पाण्यात भिजवतात. तेव्हा त्यातल्या पिष्टाच्या काही साखरा होतात आणि काही डेक्स्ट्रिन. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल तयार करते. डेक्स्ट्रिन तिला पचत नाही, ते मागे उरते. हे उरलेले डेक्स्ट्रिन आणि बार्लीतली प्रथिने मिळून बिअरला तोंडात जाणवणारा भरीवपणा देतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मन आणि बोहेमियन ब्रुअरांना तिथली सहा ओळींच्या कणसाची बार्ली मिळाली. तिच्यात प्रथिने जास्त असल्याने बिअर गढूळ व्हायची, लवकर बिघडायची. त्यांनी मॉल्टमध्ये तांदूळ आणि मका मिसळला. तांदळाच्या पिष्टातून साखर भरपूर मिळते, पण प्रथिने, रंग, वास जवळजवळ काहीच येत नाही. अल्कोहोल तेवढेच, भरीवपणा मात्र कमी. ही भेसळ नव्हती आणि त्या काळी तांदूळ काही मातीमोल भावाने मिळत नव्हता. काचेसारखी स्वच्छ बिअर हवी होती, त्यासाठीचा हा उपाय होता. परदेशी म्हणून कौतुकाने प्यायली जाणारी जपानची असाही सुपर ड्रायही तांदूळ आणि मका वापरतेच. 1967 साली जोसेफ ओवेड्स या जीवरसायनशास्त्रज्ञाने पुढचे पाऊल टाकले: मागे उरणारे डेक्स्ट्रिनही एका विकराने फोडून यीस्टला खाऊ घातले. लाइट बिअरचा जन्म इथला, आणि 1975 पासून मिलर लाइटने ती देशभर नेली. गंमत अशी की या युक्तीने तेवढ्याच धान्यातून उलट जास्त अल्कोहोल निघते. म्हणून सुरुवातीलाच धान्य कमी घेतात. ‘लाइट’ हा शब्द मुख्यतः कॅलरींबद्दल बोलतो.

यावर जाणकार हटकतात, की मोठ्या ब्रुअरीत बिअरमध्ये शेवटी पाणी घालतात हे तर खरेच ना? खरे आहे. टाक्यांची जागा वाचावी म्हणून बिअर आधी जास्त कडक बनवतात आणि हवा काढलेले पाणी घालून ती ठरलेल्या टक्क्यांवर आणतात. पण ती 5 टक्क्यांवर आणली तर 5 टक्केच असते. पाणी सुरुवातीला घातले की शेवटी, याने बेरीज बदलत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. क्राफ्ट ब्रुअऱ्यांच्या इंपीरियल स्टाउट 10 टक्क्यांच्या वर जातात, बेल्जियमची ड्युव्हेल 8.5 टक्क्यांची असते, आयपीए बहुधा 6 ते 7. म्हणजे क्राफ्टचे वरचे टोक उंच आहे, हे मान्यच करावे लागते. पण टोक म्हणजे सरासरी नव्हे, आणि इंग्लंडमधली पिपातून ओतली जाणारी पारंपरिक बिटर 4 टक्क्यांच्या आसपासच घुटमळते. शिवाय आयपीए कडक ‘वाटते’ ती हॉप्सच्या कडवटपणामुळे, गिनेस कडक ‘दिसते’ ती भाजून काळ्या केलेल्या थोड्याशा बार्लीमुळे, आणि प्रागच्या बारमध्ये पाटीवर ‘12’ पाहून जे पर्यटक घाबरतात त्यांना ठाऊक नसते की तो आकडा आंबवण्याआधीच्या द्रवातल्या साखरेच्या अंशांचा आहे. बारा अंशांतून अल्कोहोल साधारण 5 टक्केच निघते.

आपल्याकडे हे चित्र चक्क उलटे आहे, आणि मूळ समजाची सगळ्यात चांगली परीक्षा इथेच होते. भारतीय मानकांनुसार 5 टक्क्यांपर्यंत माइल्ड आणि 5 ते 8 टक्के स्ट्राँग. सगळ्यात जास्त खपते ती स्ट्राँगच, तीही मोठ्या कंपन्यांची, स्वस्त आणि घाऊक. पुण्यात डूलालीने 2009 मध्ये सुरुवात केल्यानंतर रुजलेल्या मायक्रोब्रुअऱ्यांतली गव्हाची बिअर तिच्यापुढे सहसा सौम्यच ठरते, पण ग्लासात दाट आणि सुगंधी लागते.  आकडेमोड करून पाहा: 7 टक्क्यांच्या स्ट्राँगची 650 मिलिलिटरची बाटली म्हणजे सुमारे 45 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, 5 टक्क्यांच्या आयात बिअरची 330 ची पिंट म्हणजे साडेसोळा. फरक पावणेतीनपट. तरी देशी बिअर ‘डोक्यात जाते’ याचे खापर ग्लिसरीनवर फोडले जाते, आणि ते काढायला म्हणून बाटली पाण्याच्या ग्लासात उलटी धरतात. तळाशी दाट काहीतरी उतरताना दिसते खरे, पण ती बिअरच असते: उरलेल्या डेक्स्ट्रिनमुळे पाण्यापेक्षा किंचित जड झालेली. थोडे ग्लिसरीन आंबवताना यीस्ट स्वतःच तयार करते, आयात बिअरमध्येही. आयात बिअरची बाटली उलटी धरली तरी तळाशी असेच काहीतरी उतरेल.