बिक्नेलचा कस्तूर

उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागांतील पर्वतांच्या माथ्यावर, सुमारें ३,००० फुटांच्या वर, वारा आणि हिम यांच्या माऱ्यानें फर वृक्ष खुरटे राहतात. त्यांच्या दाटींतून जून महिन्यांत, पहांटेच्या अंधुक प्रकाशांत, एक बारीक घुमती शीळ ऐकूं येते. चांगलें उजाडलें कीं ती मंदावते. सायंकाळीं पुन्हां सुरू होते. गाणारा मात्र शपथेलाहि दिसत नाहीं.

हा बिक्नेलचा कस्तूर. मराठींत ज्या पक्षिकुलास कस्तूर म्हणतात त्याच कुलांतला. पाठ तपकिरी, शेपटीवर तांबूस छटा, छातीवर ठिपके आणि वजन अवघें अडीच तोळे. न्यूयॉर्क संस्थानांतील कॅट्स्किल पर्वताच्या सर्वोच्च शिखरावर १८८१ सालीं युजीन बिक्नेल या हौशी पक्षिनिरीक्षकास तो सांपडला. पुढच्याच वर्षीं रॉबर्ट रिजवे यांनीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. परंतु करड्या गालांच्या कस्तुराची एक पोटजात, एवढाच मान त्याला दिला. तो शिक्का शंभरावर वर्षें टिकला. १९९३ सालीं कॅनडांतील आंरी वेलेट यांनीं आकार, रंग, गाणें व आनुवंशिक द्रव्य यांची तुलना करून दोघे भिन्न असल्याचें दाखविलें, आणि १९९५ सालीं अमेरिकेंतील पक्षिशास्त्रज्ञांच्या संस्थेनें तें मान्य केलें. फरक कानालाहि कळतो: करड्या गालांच्या कस्तुराची तान शेवटीं उतरते, याची चढते.

या निर्णयाला व्यवहारांतहि मोठा अर्थ होता. करड्या गालांचा कस्तूर अलास्कापासून लॅब्राडोरपर्यंत पसरलेला. त्याच्या गणतींत हा मिसळला होता तोंवर याची काळजी करण्याचें कोणास कारणच नव्हतें. वेगळा मोजल्यावर तो सर्व मिळून सुमारें १,२५,००० किंवा त्याहूनहि कमी भरला.

त्याचा गृहस्थाश्रम तर विलक्षणच. एका घरट्यांतील पिलांचे बाप बहुधा एकाहून अधिक असतात, आणि चारा आणणारे नर दोन, तीन, क्वचित् चारहि आढळतात. त्यांतलेच कांहीं शेजारच्या घरट्यांतहि चारा पोंचवितात. कोणी नाक मुरडील. पण तेथला उन्हाळा तोकडा, आणि नर माद्यांहून संख्येनें जास्त, हें लक्षांत घेतलें म्हणजे ही व्यवस्था पिलांच्या पथ्यावरच पडणारी दिसते. तरीहि घरटीं लुटलीं जातात. फर वृक्षांचें बी बहुधा एक वर्षाआड भरघोस पिकतें. त्यावर तांबड्या खारी हिंवाळा काढतात, आणि पुढच्या उन्हाळ्यांत त्यांची वाढलेली फौज अंडीं व पिलें यांवर तुटून पडते.

शरदांत तो रात्रीं उडत दक्षिणेस निघतो. कांहीं पक्षी क्यूबा, जमैका व पोर्टो रिको येथें उतरतात. बहुसंख्य हिस्पानिओला बेटावर, विशेषतः डोमिनिकन प्रजासत्ताकांत राहतात. तेथेंहि त्याला दाट, ओलीं अरण्येंच लागतात, आणि तीं शेती, गुरचरण व कोळसा यांसाठीं तोडलीं गेलीं आहेत व जात आहेत. उत्तरेंतलें संकट वेगळें. हवा तापत चालल्यानें खालचीं रुंद पानांचीं झाडें वर सरकण्याची भीति आहे, आणि शिखरावर राहणाऱ्यास आणखी वर जाण्यास जागा नसते. कॅनडांत त्याला कायद्याचें संरक्षण आहे. पण निम्मे वर्ष तो ज्या बेटावर काढतो तेथली कुऱ्हाड त्या कायद्यानें थांबत नाहीं. म्हणून व्हर्माँटमधील अभ्यासक हिंवाळ्यांत डोमिनिकन डोंगरांत जाऊन तेथील मंडळींबरोबर काम करूं लागले. त्या रानांतहि तो दिसत नाहींच. पहांटे व सांजवेळीं त्याची हांक ऐकूं येते, आणि मोजणी करणाऱ्यांस तिचाच आधार असतो.