विद्युत्-गिटारची कळ

यंदा स्नेहसंमेलनाच्या तयारीसाठी बुऱ्हाणपुरातीलच एका घरची जुनी विद्युत्-गिटार शाळेत आली. कळीच्या तीन जागांपैकी एका जागी तिचा आवाज पातळ निघे. ती बिघडली असे ठरवून मुले आतल्या वायरी तोडावयास निघाली. मी त्यांना थांबविले.

गिटारच्या तारांखाली ‘पिकअप’ असतात. चुंबकाभोवती तांब्याच्या अतिसूक्ष्म तारेचे हजारो वेढे, हे त्यांचे स्वरूप. वरची पोलादी तार कंप पावली की वेढ्यांत विद्युत् उत्पन्न होते. हे तत्त्व फॅरडे यांनी १८३१ साली शोधले.

ध्वनिवर्धक मंद ठेवून आम्ही प्रत्येक पिकअपवर स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच टिचकी मारली. ‘खट्’ असा मोठा आवाज देईल तो चालू! एका जागी घोडीजवळचा, दुसऱ्या टोकास मानेजवळचा आणि मध्ये दोन्ही, अशी नोंद झाली. घोडीजवळ तार थोडीच हालते, म्हणून तेथला आवाज पातळ. बिघाड नव्हताच.

१९५४ च्या फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर गिटारला पिकअप तीन आणि कळीच्या जागाही तीनच होत्या. वादकांनी कळ दोन जागांच्या मध्ये अडकवून नवे ध्वनी मिळविले. १९७७ साली कारखान्यानेच पाच जागांची कळ बसविली.

विद्यार्थिमित्रहो, जुने यंत्र हाती आले तर आधी नोंद करावी, मगच हत्यार उचलावे.